'कॉनिव्हंट' म्हणजे मिटलेले, जुळलेले नव्हेत

प्रश्न असा आलाय: वांग्याच्या फुलाच्या वर्णनात परागकोश 'कॉनिव्हंट' असल्याचं लिहिलंय, त्याला मराठीत 'जुळलेले' म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. हे 'जुळलेले' ऐकून कान किटलेत. वांग्याचं जांभळं फूल घ्या आणि मधल्या पिवळ्या परागकोशांमध्ये सुई घाला. पाचही सुटे होतात, काही फाटत नाही. आत कलून टोकाशी एकमेकांना टेकलेत, इतकंच. खरोखर जुळलेले असते तर शब्द 'कॉनेट' आला असता. नुसतं 'अंतर्वक्र'ही अपुरं. आत वळलेला भाग एकटाही असू शकतो, इथे टोकं एकमेकांकडे यायला हवीत. 'अभिसारी' सुचवणारेही भेटतात. भिंगाच्या धड्यात ठीक आहे हो, पण वांग्याच्या फुलात कोण कुणाच्या अभिसाराला निघालंय?

आता खरी गंमत. लॅटिन 'कोनीव्हेरे' म्हणजे डोळे मिटणे. त्यावरून काणाडोळा करणे, आणि तोच इंग्रजीतला 'कनाइव्ह'. हल्ली त्याचा अर्थ सरसकट 'कट रचणे' असा करतात. मुळात तो कट रचणाऱ्याचा नव्हेच, सगळं दिसत असून डोळे मिटून बसलेल्या साहेबांचा शब्द! पक्ष्यांच्या डोळ्यावरून सरकणाऱ्या तिसऱ्या पापणीचं 'निक्टिटेटिंग' हे नावही याच घराण्यातलं. आणखी मागे गेलं की इंडो-युरोपीय धातू लागतो, अर्थ 'झुकणे, कलणे'. जर्मन 'नायगेन' त्याच कुळातलं. म्हणजे पापणी झुकली, डोळा मिटला, आणि वनस्पतिशास्त्रात येऊन शब्द पुन्हा झुकायला लागला. यात आपला संस्कृत 'नम्' (वाकणे) शोधणाऱ्या पंडितांनी कृपया थांबावं. दोन शब्द कानाला सारखे लागले की व्युत्पत्ती होत नाही.

प्राण्यांतही हा शब्द आहे. लहान आतड्याच्या आतल्या आडव्या वळ्यांना १७व्या शतकात थिओडोर केर्करिंग या शरीररचनाशास्त्रज्ञाने 'व्हाल्व्ह्युली कॉनिव्हेंटीस', म्हणजे 'मिटत्या झडपा', म्हटलं. त्या वळ्या मार्ग पुरता बंद करत नाहीत. मला तर त्यात अर्धा मिटलेला डोळाच दिसतो.

म्हणून माझा शब्द 'संमीलित'. सम् अधिक मील्, आणि मील् म्हणजे डोळे मिटणे. लॅटिन शब्दाची घडणही हीच. पंचांगात खग्रास ग्रहणाचं संमीलन-उन्मीलन (बिंब पूर्ण झाकणं आणि पुन्हा उघडू लागणं) वाचणाऱ्यांना तो परका वाटू नये. फक्त 'संमिलित' लिहू नका; तो 'मिल्', एकत्र मिळण्याचा. एक वेलांटी चुकली की सुटे परागकोश चिकटले! संस्कृत जड वाटत असेल तर 'टोकाशी मिटलेले' लिहा. आपल्याकडे डोळे मिटतात तसं कमळही मिटतं.

टोमॅटोचं मात्र वेगळं. तिथे परागकोशांच्या कडांवरचे केस एकमेकांत गुंतून नळी बनते, सुई घातली की वीण उसवते. त्यांना 'जुळलेले' म्हणालात तर मी भांडायला येणार नाही.