१०० एमबीपीएसचं कनेक्शन आणि डाउनलोड फक्त ११ एमबीनं: कंपनी फसवते का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: पांढरकवड्याकडच्या गावात १०० एमबीपीएसचं फायबर घेतलं, स्पीड टेस्टमध्ये ९४ येतात, पण फाइल उतरवताना लॅपटॉप सेकंदाला ११ एमबीच्या वर जात नाही. कंपनी लुबाडते का? आणि लग्नाच्या शूटिंगचं ६४ जीबीचं कार्ड नागपूरच्या एडिटिंगवाल्याला नेटवरून पाठवायला किती वेळ लागेल?

लुबाडत नाही, भाऊ. तुम्हाला पुरा माल मिळतोय. माझं तालुक्याच्या गावी कॉम्प्युटरचं दुकान आहे, आणि नवीन फायबर लागलं की आठवड्याच्या आत हीच तक्रार घेऊन माणूस येतो.

नेटवाले बिट मोजतात (एमबीपीएस म्हणजे सेकंदाला इतके मेगाबिट), लॅपटॉप बाइट मोजतो. एका बाइटमध्ये ८ बिट. म्हणून १०० भागिले ८, साडेबारा. मग ११ च का? दोन ठिकाणी गळती आहे. डेटा पाकिटं करून जातो आणि प्रत्येक पाकिटावर पत्ता, क्रमांक, तपासणीचा आकडा असं सामान चढतं. तारेवरून १५३८ बाइट जातात तेव्हा त्यात तुमच्या फाइलचे १४६० असतात, म्हणजे जवळपास ९५ टक्के. तुमच्या स्पीड टेस्टचे ९४ इथूनच आले. दुसरी गळती नुसती मोजण्याची आहे. नेटवाल्यांचा मेगा म्हणजे दहा लाख, विंडोजचा मेगा म्हणजे १०२४ गुणिले १०२४, म्हणजे १०,४८,५७६. माप मोठं, म्हणून आकडा लहान. दोन्ही लावून पाहा, ११.३ येतात.

दुकानात मी एवढं सांगत बसत नाही. प्लॅनच्या आकड्याला ९ नं भागा म्हणतो. ५० चा प्लॅन असेल तर साडेपाच, ३० चा असेल तर सव्वातीन. विंडोजवर जवळपास तेवढंच दिसतं. तुमचं ६४ जीबीचं कार्ड लॅपटॉपमध्ये ५९ च्या आसपास दिसतं तेही याच मोठ्या मापामुळे, कार्ड विकणाऱ्यावर चिडू नका. मॅक २००९ पासून हजारानंच मोजतो, तिथे ही भानगड नाही.

हा ११.३ चा आकडा मात्र लक्षात ठेवा, कारण पुढे कामी येतो. उद्या ३०० चा प्लॅन घेतला आणि तरी डाउनलोड ११.३ वरच अडकलं, तर कस्टमर केअरला फोन लावण्याआधी केबल बघा. १०० एमबीपीएस केबलमधल्या चार तारांवर चालतं, त्याच्या वरच्या गिगाबिटला (१००० एमबीपीएस) आठही तारा लागतात. उंदरानं एक तार कुरतडली किंवा क्लिप नीट ठोकली नाही, तर राउटर गुपचूप १०० वर उतरतो आणि नेट तर चालूच राहतं, म्हणून कोणाच्या ध्यानात येत नाही. स्वस्त राउटरचं पोर्टच १०० चं असतं, तेही तपासा.

आणि फाइल थेट पेनड्राइव्हवर उतरवू नका. यूएसबी २.० वर ४८० एमबीपीएस लिहिलेलं असतं, म्हणजे कागदावर ६० एमबी, पण हातात तीस-चाळीसच्या वर येत नाही, आणि जुना पेनड्राइव्ह लिहिताना पाच-सात एमबीवर धापा टाकतो. शिव्या नेटला पडतात.

आता लग्नाचं कार्ड. ६४ जीबी म्हणजे ५,१२,००० मेगाबिट. अपलोड खरंच १०० नं मिळत असेल तर दीड तास. पण बऱ्याच प्लॅनमध्ये अपलोड डाउनलोडपेक्षा कमी असतं. ते २० असेल तर साडेसात तास धरा, आणि त्यात लाइन गेली तर बाप्पा, राउटर इन्व्हर्टरवर नसेल तर अपलोड मध्येच तुटणार.

तेच कार्ड एसटीनं नागपूरला जाणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या हाती दिलं तर? प्रवास चार तास धरू, म्हणजे १४,४०० सेकंद. ५,१२,००० भागिले १४,४००, साडेपस्तीस एमबीपीएस. तीच लाल परी १ टीबीची हार्डडिस्क घेऊन निघाली तर ५५५. हिशेब सरळ आहे: अपलोड ४० च्या वर असेल तर एका कार्डासाठी नेट बरं, खाली असेल तर बस. दोन-तीन लग्नांचं शूटिंग एकदम पाठवायचं असेल तर मी तरी बसच निवडीन, फक्त कार्ड देण्याआधी घरी एक कॉपी काढून.

म्हणून कंपनीला आधी अपलोडचा आकडा विचारा, आणि तो प्लॅनच्या कागदावर लिहून घ्या. डाउनलोडचा तुमचा ठीकच आहे.