पिल्लं घरी येण्याआधी घराची झडती

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: चार महिन्यांचं मांजराचं पिल्लू आणि वर्षाचा दत्तक कुत्रा लवकरच येणार आहेत, घर चौथ्या मजल्यावर, तुम्ही दोघंही दिवसभर कामावर, तर काय काय विकत आणावं लागेल? सोबत खरेदीची लांबलचक यादीही दिली आहे. त्यातलं निम्मं नाही आणलं तरी चालेल. आणण्यापेक्षा हलवायचं, बंद करायचं आणि टाकून द्यायचं काम जास्त आहे.

यादीच्या खाली तुम्ही लिहिलंय, ‘बाकी आम्ही लक्ष ठेवूच.’ माझं खरं म्हणणं या ओळीबद्दल आहे. लक्ष ठेवणं ही सुरक्षा धरू नका. दाराची बेल वाजते, दूध उतू जातं, डोळा लागतो, आणि नेमकं तेवढ्यात व्हायचं ते होतं. ‘नाही’ म्हटल्यावर थांबणारा कुत्रासुद्धा तुम्ही खोलीत असलात तरच थांबतो. त्यामुळे प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारा: घरात कोणी नसताना ही इथे असली तर चालेल का?

दुसरं, मांजर आणि कुत्रा यांचे धोके एका यादीत घालू नका. कुत्रा जगाची ओळख तोंडाने करून घेतो आणि चावायच्या आधी गिळतो. मांजर सहसा इतकं अधाशी नसतं, पण ते चढतं, फटीत घुसतं, दोऱ्याशी खेळतं, आणि अंगाला लागलेलं सगळं चाटून पोटात घेतं. कुत्र्यासाठी जमिनीपासून त्याच्या मागच्या पायांवर उभं राहिल्याच्या उंचीपर्यंत बघायचं. मांजरासाठी उंची मोजूच नका.

सुरुवात खिडक्यांपासून. ‘मांजर चार पायांवरच पडतं’ हे अर्धं खरं आहे. ते हवेत वळतं, पण जबडा, छाती आणि पाय मोडायचे ते मोडतातच. १९८७ साली न्यूयॉर्कमधल्या प्राणिवैद्यांनी इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातली सुमारे नव्वद टक्के जगली, हा आकडा लोक मोठ्या कौतुकाने सांगतात. पण ती दवाखान्यापर्यंत आणलेली मांजरं होती. जागीच गेलेल्यांना कोण कशाला दवाखान्यात आणेल? चौथ्या मजल्यावर जाळी हवीच, आणि डासांची जाळी म्हणजे ही जाळी नव्हे. ती नखांनी फाटते किंवा चौकटीसकट बाहेर निघते. घट्ट विणीची मजबूत जाळी चारही बाजूंनी पक्की बसवून घ्या. बसवल्यावर तळहाताने खालच्या कोपऱ्यांत जोर लावून बघा. मधोमध सगळ्याच जाळ्या ताठ असतात, सुटतात त्या कोपऱ्यात. बाल्कनीच्या कठड्याच्या गजांमधून मांजराचं डोकं गेलं की बाकीचं शरीर जातंच, म्हणून जाळी कठड्याच्या वर नाही, जमिनीपासून छतापर्यंत. वरच्या बाजूने आत कलणाऱ्या खिडक्या असतील तर त्या अर्धवट उघड्या ठेवूच नका. मांजर वरच्या फटीतून निघायला बघतं, खाली घसरून निमुळत्या भागात अडकतं आणि सुटायला धडपडेल तितकं जास्त रुततं.

मग दोरा. लोकरीच्या गुंड्याशी खेळणारं मांजर चित्रात गोड दिसतं. मांजराच्या जिभेवरचे काटे आतल्या दिशेला वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा बाहेर थुंकणं त्याला अवघड जातं. पुष्कळदा दोऱ्याचं एक टोक जिभेच्या मुळाशी अडकतं आणि बाकीचा दोरा आतड्यात उतरतो. आतडं त्याला पुढे ढकलायला बघतं, दोरा ताणलेला राहतो, आणि आतडं त्यावर चुण्या पडल्यासारखं गोळा होत जातं. मग दोरा करवतीसारखा आतड्याची भिंत कापू लागतो. म्हणून तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही आणि कापायचाही नाही, मांजराला तसंच उचलून डॉक्टरांकडे न्यायचं. सुई-दोऱ्याचा डबा, रिबिनी, दात साफ करायचा धागा, केसांची रबरं हे सगळं झाकणाच्या डब्यात. काठीला पीस बांधलेलं खेळणंसुद्धा खेळून झालं की कपाटात.

झाडांबद्दल एक नियम मी न वाकवता पाळायला सांगेन: मांजर असलेल्या घरात लिली नाही. कुंडीत नाही, पुष्पगुच्छातही नाही. खरी लिली आणि डे-लिली यांचं पान, फूल, अंगावर पडून चाटलेले पराग, अगदी फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराची मूत्रपिंडं एक ते तीन दिवसांत निकामी करू शकतं. कुत्र्याचं यात सहसा पोट बिघडण्यापलीकडे जात नाही. मांजर मात्र आधी एक-दोनदा उलटी करून सुधारल्यासारखं दिसतं आणि तिथेच लोक फसतात. पीस लिलीचा या कुळाशी संबंध नाही. ती, मनी प्लांट आणि डिफेनबेकिया तोंडात जळजळ करतात, लाळ गळते, पण मूत्रपिंडांवर जात नाहीत. कुत्र्यासाठी मला जास्त भीती सायकसची वाटते. दिसायला छोटं, रुबाबदार ताडासारखं झाड, पण सगळे भाग विषारी, बिया सर्वांत जास्त, आणि घाव थेट यकृतावर. कण्हेर दोघांच्याही हृदयाला घातक. झाडं हवीच असतील तर अरेका पाम आणि स्पायडर प्लांट दोघांच्याही बाबतीत निर्धोक धरले जातात. मांजर स्पायडर प्लांटची पाती कुरतडून त्याची पार रया घालवेल, तेवढी तयारी ठेवा.

औषधं हा माझ्या दृष्टीने सगळ्यांत दुर्लक्षित कोपरा. कुत्र्याने गोळ्यांची पट्टी चावून फोडणं हा नेहमीचा प्रकार आहे, पण मांजराच्या बाबतीत गोळी बहुतेकदा माणूसच देतो, प्रेमाने, ताप वाटला म्हणून. पॅरासिटामॉल निकामी करून त्याची विल्हेवाट लावायची यंत्रणा मांजराच्या यकृतात फारच तोकडी असते. रक्ताची ऑक्सिजन वाहायची क्षमता जाते, हिरड्या तपकिरी-राखाडी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते. आयबुप्रोफेन हे वेदनाशामक दोघांनाही नको, आधी जठरात व्रण, मग मूत्रपिंडं.

अंगाला लावायच्या औषधांकडे तर कोणी बघतच नाही. केस वाढायला डोक्याला लावतात ते मिनॉक्सिडिल उशीच्या अभ्ऱ्याला लागतं, मांजर त्यावर झोपतं, मग अंग चाटतं. एवढ्याशा मात्रेनेही मांजरं दगावली आहेत. त्वचेच्या कर्करोगपूर्व डागांसाठी वापरतात त्या फ्लुरोयुरॅसिल मलमाची ट्यूब कुत्र्याने चावली तर झटके येतात आणि फार थोडे वाचतात. अशी काही औषधं कोणी वापरत असेल तर ती बंद होणाऱ्या खणात, आणि लावल्यावर हात धुऊन मगच प्राण्याला हात.

तुमच्या घरात दोघं एकत्र राहणार म्हणून हे वेगळं सांगतो: कुत्र्याच्या मानेवर पिसवा-गोचिडांसाठी थेंब सोडतात, त्यांतल्या काहींत परमेथ्रिन असतं. कुत्र्याला ते सोसतं, मांजराला नाही. अंग थरथरतं, झटके येतात. मांजराला लावायची गरजही नाही, औषध लावलेल्या कुत्र्याला बिलगून झोपलं किंवा त्याला चाटलं तरी पुरतं. डॉक्टरांना सुरुवातीलाच सांगा की घरात मांजर आहे, परमेथ्रिन नसलेलं औषध द्या.

आता स्वयंपाकघर, म्हणजे कुत्र्याची बाजू. चॉकलेटवर घाबरण्यापेक्षा हिशेब करा. कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागे साधारण २० मिलिग्रॅम थिओब्रोमीन (चॉकलेटमधला विषारी ठरणारा घटक) पोटात गेलं की त्रास सुरू होतो. दुधाच्या चॉकलेटमध्ये ग्रॅममागे सुमारे २ मिलिग्रॅम असतं, म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला साधारण १०० ग्रॅम. गडद चॉकलेट त्याच्या निम्म्याहून कमी पुरतं. चॉकलेटपेक्षा मला झायलिटॉलची, म्हणजे साखरेऐवजी वापरतात त्या गोड पदार्थाची, धास्ती जास्त आहे, कारण ते ओळखू येत नाही. बिनसाखरेचं च्युइंगगम, काही टूथपेस्ट, काही पीनट बटर यांत ते असतं, वेष्टनावर कधी ‘ई ९६७’ किंवा ‘बर्च शुगर’ एवढंच लिहिलेलं असतं. दर किलोमागे ०.१ ग्रॅमनेही कुत्र्याचं इन्शुलिन एकदम उसळतं आणि अर्ध्या-एक तासात रक्तातली साखर कोसळू शकते. मात्रा वाढली तर यकृतही जातं. द्राक्षं आणि बेदाणे यांचा हिशेब मांडू नका. एक कुत्रा मूठभर पचवतो, दुसऱ्याची मूत्रपिंडं थोड्याशानेच जातात. कांदा-लसूण कच्चा, शिजवलेला की पूड, फरक पडत नाही. तांबड्या पेशी फुटतात, आणि लक्षणं काही दिवसांनी येतात म्हणून कोणाला आठवतही नाही काय खाल्लं होतं. यात मांजर कुत्र्यापेक्षाही नाजूक.

कचऱ्याचा डबा झाकणवाला नव्हे, कपाटाच्या आत. झाकण उघडायला वर्षाच्या कुत्र्याला एक दुपार पुरते. चिप्सच्या रिकाम्या पिशव्या उभ्या फाडून, सपाट करून टाकायच्या. कुत्रा तळाचा चुरा चाटायला तोंड आत घालतो, श्वास घेतला की पिशवी तोंडाला चिकटते, पंजांनी निघत नाही, आणि काही मिनिटांत गुदमरून खेळ संपतो. यात विष नाही, धार नाही, म्हणून कोणाला सुचत नाही. पाहुण्यांच्या पिशव्याही जमिनीवर ठेवू देऊ नका. आमच्याकडची कुत्री चेनचा पट्टा दातात धरून मान बाजूला वळवते आणि पिशवी उघडते, कोणी न शिकवता. त्या पिशवीत च्युइंगगम आणि गोळ्या दोन्ही असतात.

बाकी भराभर. तारा फर्निचरच्या मागे नाहीतर कडक नळीतून न्या. कुत्र्याने चालू तार चावली आणि तो ठीक दिसला तरी दाखवून आणा, फुफ्फुसात पाणी काही तासांनी भरू शकतं. बटन सेल अन्ननलिकेत अडकला तर तासाभरात भाजू लागतो. धुण्याचं यंत्र सुरू करण्याआधी आत हात फिरवा, डोळ्यांनी बघून भागत नाही, कपड्यांत झोपलेलं मांजर दिसत नाही. मागे झुकणाऱ्या खुर्चीच्या यंत्रणेखालीही तसंच. कुत्रा ओट्यापर्यंत पोचत असेल तर बाहेर पडताना शेगडीची बटणं काढून ठेवा. डांबरगोळ्या आणि टी-ट्री तेल घरात नकोत. लादी पुसायचं द्रावण वाळेपर्यंत दोघं दुसऱ्या खोलीत, कारण लादीवरचं पंजावर आणि पंजावरचं पोटात. उंदराचं विष तर ठेवूच नका. नेहमीच्या प्रकारात रक्तस्राव तीन ते पाच दिवसांनी सुरू होतो, इतर प्रकारांचा मार्ग आणि उपचार निराळे. शेजारी कोणी ठेवत असेल तर पाकिटाचा फोटो आत्ताच मागून घ्या.

दोघांची एकमेकांपासूनची सुरक्षा मात्र तुमच्या यादीत अजिबात नाही. सुरुवातीला पिल्लाला दार बंद होणारी स्वतःची खोली द्या. नंतर दारात अडसर लावा, खाली पिल्लू निसटेल एवढी फट ठेवून. प्रत्येक खोलीत मांजराला जमिनीला पाय न लावता चढून बसता येईल अशी एक जागा हवी. शीचा ट्रे कोंडीच्या कोपऱ्यात नको, नाहीतर कुत्रा तोंडाशी उभा राहिला की मांजर ट्रेवर जाणंच सोडतं. शिवाय कुत्रे मांजराची शी आवडीने खातात आणि सोबत गोळा होणारी वाळूही गिळतात. पहिले काही आठवडे घराबाहेर पडताना दोघांना एकत्र सोडू नका, कितीही गळ्यात गळा घालून झोपत असले तरी. मांजराचा पट्टा ताण पडला की आपोआप सुटणारा घ्या.

काही खाल्लंच तर: घरी उलटी करवू नका. मिठाचं पाणी स्वतःच विषासारखं काम करतं, आणि मांजराला घरी सुरक्षितपणे उलटी करवायचा मार्गच नाही. ॲसिड किंवा रॉकेलसारखं काही असेल तर वर येताना ते दुसऱ्यांदा जाळतं, नाहीतर फुफ्फुसात जातं. वेष्टन, प्राण्याचं वजन आणि अंदाजे वेळ एवढं घेऊन डॉक्टरांना फोन करा. लक्षणांची वाट बघायची नाही. रात्री उघडा असणारा प्राण्यांचा दवाखाना कोणता, हे आजच शोधून फ्रिजवर चिकटवा.

तुमच्या यादीतून अडसर, सुटणारा पट्टा, कपाटांच्या कुलुपी कड्या आणि दोन वाहतुकीचे पिंजरे ठेवा. सुगंधी तेलाचा दिवा आणि ‘प्राण्यांना दूर ठेवणारा’ फवारा काढून टाका. जाळीवाल्याला मात्र आजच फोन करा, तो सांगितलेल्या दिवशी येत नाही. जाळी बसेपर्यंत पिल्लू घरी आणायचं पुढे ढकलता आलं तर उत्तम, नाहीतर तोवर खिडक्या बंद.