कलमं विकण्याआधी रेशनकार्ड बाहेर काढा

देवगडच्या एक वाचक विचारतात: मुलगा 21 वर्षांचा, नऊ वर्षं आकडीचा त्रास. दोन औषधं पूर्ण डोसात देऊनही फिट थांबत नाही. मुंबईला शस्त्रक्रियेआधीच्या तपासण्या सांगितल्यात, ऑपरेशन धरून खर्च सहा लाख. आठ लाखांची एफडी मोडू, की 40 कलमांची बाग विकू? मेडिक्लेम आत्ता काढू का?

ताई, बाग विकू नका. सहा लाखांत तपासणी आणि ऑपरेशन एकत्र धरलंय, आणि तपासणीनंतर ऑपरेशन होईलच असं नाही. फिट मेंदूच्या कुठल्या भागातून सुटते ते नक्की कळलं नाही, किंवा तो भाग काढला तर बोलणं, आठवण जाईल असं दिसलं, तर डॉक्टर पुढे जात नाहीत. आधी तपासणीपुरतीच सोय करा.

त्यात महागडा भाग व्हिडिओ ईईजीचा, म्हणजे कॅमेऱ्यासमोर ठेवून मेंदूतल्या विद्युतलहरींची सतत नोंद घेण्याचा. औषधं डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी करतात आणि फिट येण्याची वाट पाहतात. ती तिसऱ्या दिवशी येते किंवा सातव्या, बिल मात्र रोज वाढतं. म्हणून ठोक अंदाज न मागता दिवसाचा दर विचारा. फिट येताच बटण दाबायला कुणीतरी सतत खाटेशेजारी लागतं. त्या माणसाचा खर्चही धरा.

ऑपरेशनसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना पाहा: कुटुंबाला वर्षाला 5 लाख, पांढऱ्या कार्डालाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात अपस्माराच्या (आकडीच्या) शस्त्रक्रिया होतात. कुठेही गेलात तरी दाखल होण्याआधी आरोग्यमित्राला (योजनेचा रुग्णालयातला मदतनीस) विचारा, नेमकी ही शस्त्रक्रिया इथे योजनेत बसते का. रुग्णालय यादीत असूनही एखादा उपचार नसतो. पैसे भरून दाखल झालात आणि मग योजना आठवली, तर भरलेले परत मिळतील असं धरू नका. आधार आणि रेशनकार्डावरचं मुलाचं नाव अक्षरन् अक्षर जुळवा. ‘सुनिल’ आणि ‘सुनील’ एवढ्या फरकानेही मंजुरी अडकते. हेल्पलाइन 155388.

बाहेरच्या तपासण्या, मुंबईतला मुक्काम आणि पुढची औषधं (ऑपरेशननंतरही ती लगेच बंद होत नाहीत) योजनेबाहेर धरा. त्यासाठी एफडी न मोडता तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या. वापराल तेवढ्यावरच व्याज. तरीही कमी पडलं तर एका हंगामापुरती बाग कराराने द्या. सातबाऱ्यावरची जमीन घाईत विकली तर भाव पडतो आणि परत घेता येत नाही.

मेडिक्लेम या ऑपरेशनसाठी उपयोगाचा नाही. जुन्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं, शिवाय 2019 च्या नियमांनी कंपनीला अपस्मार कायमचा वगळण्याची मुभा दिली. आजार लपवून तर मुळीच काढू नका. इतर आजारांसाठी घ्यायचा तर घ्या, पण हे सहा लाख त्यातून येणार नाहीत.