पांडवलेणी चढू का?

प्रश्न : मी ५४ वर्षांची, नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते. अंडाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि सहा केमो होऊन पाच महिने झाले. वजन ६१ वरून ७० वर गेलंय. सासूबाई ‘अंगात ताकद यायला हवी’ म्हणून रोज डिंकाचा लाडू हातावर ठेवतात. दोन जिने चढले की मला बसावंसं वाटतं, तळपायाला मुंग्या येतात, चप्पल निसटली तरी कळत नाही. यजमान म्हणतात, पांडवलेणी चढायला चल, आपोआप उतरेल.

उत्तर : ताई, आधी एक सांगा, वाढलंय कुठे? दंड, मांड्या, सगळंच भरलं असेल तर केमोसोबतची स्टेरॉइडं, अचानक गेलेली पाळी आणि महिनोन्‌महिने बसणं, ही कारणं पुरेशी आहेत. पण हातपाय वाळताहेत, दोन घासांत पोट भरतंय आणि आठवड्याभरात परकराची नाडी पुरेनाशी झालीय, तर ते पोटातलं पाणी असू शकतं. पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना गाठा. एकच पाय सुजला तरी तसंच.

तसं काही नसेल तर चाला, पण पांडवलेणी नको. ती दोन हजार वर्षं तिथेच आहेत. चप्पल निसटलेली कळत नाही, हे मी दोनदा वाचलं. तुमच्या केमोत बहुधा पॅक्लिटॅक्सेल हे औषध असणार. त्यानं नसा दुखावतात, पायाला जमीन कळत नाही. उतरताना पडाल. नाडीचे बूट घ्या आणि कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक नाहीतर गोल्फ क्लबचं मैदान धरा. सुरुवातीला दहाच मिनिटं. बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग. हळूहळू आठवड्याला १५० मिनिटांवर या.

अमेरिकेत कनेक्टिकटमध्ये याच आजारातून उठलेल्या १४४ बायकांचा अभ्यास झाला, २०१७ मध्ये छापून आला. सहा महिने चालणाऱ्यांचं रोजचं जगणं शरीराच्या बाबतीत सुधारलं. आजार परतणार नाही, असा शब्द मात्र त्यातून मिळत नाही. मीही देणार नाही.

स्वयंपाकघरातल्या खुर्चीवरून हात न टेकता दहादा उठा-बसा; मांडीचे स्नायू त्यानंच परततील. पोटाचे व्यायाम सर्जनना विचारल्याशिवाय नकोत, टाक्यांच्या जागी हर्निया होऊ शकतो. लाडू अर्धा करा, उरलेल्या भुकेला मटकीची उसळ. सासूबाईंना सांगा, ताकद त्यातूनच येते.

यजमानांना चढायचंच असेल तर सकाळी एकटे जाऊ द्या. संध्याकाळी ट्रॅकवर मात्र तुमच्या चालीनं चालायला लावा.