मानशीवर शिकलेलं तिथे वापर

चि. बाय,

अनेक आशीर्वाद. तुझा फोन आल्यापासून रोज संध्याकाळी बांधावर जाऊन बसतो, पण मन अलाबामात असतं. गंटर्सविलचा तलाव तुझ्या युनिव्हर्सिटीपासून तासाभरावर, आणि तू गळाने बास मासे पकडायच्या टूर्नामेंटला नाव द्यायचं म्हणतेस. मला किती आनंद झाला ते फोनवर सांगता आलं नाही. त्या पाण्यावर मी अकरा वर्षं काढली, म्हणून सविस्तर लिहितो.

बोट घ्यायच्या भानगडीत आत्ता पडू नकोस. कॉलेजच्या स्पर्धांत एका बोटीत दोघांची जोडी असते, तेव्हा क्लबात बोट असलेला जोडीदार शोध. नाहीतर बाहेरच्या स्पर्धेत को-अँगलर म्हणून उतर. बोटवाला पुढे, तू मागे, आणि कुठे जायचं ते तो ठरवणार. पुढच्याने गळ टाकून गरवून झालेलं पाणी तुझ्या वाट्याला येईल. येऊ दे. त्याने घाईत सोडलेल्या लाकडाच्या ओंडक्याशी रबरी वर्म, म्हणजे गांडुळासारखं आमिष, हळूहळू सरकवायला तिथेच शिकशील. इंजिन चालू असेपर्यंत लाइफ जॅकेट काढायचं नाही, बोटवाला स्वतः काढत असला तरी.

आणि फी भरण्याआधी परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसात विचार: बक्षिसाचे पैसे तुझ्या व्हिसावर घेता येतात का, कर किती कापतात. उत्तर ईमेलवर घे, तोंडी नको.

आता पाण्याचं. तू म्हणालीस, "तिथे भरती-ओहोटीच नाही, माझं सगळं शिक्षण फुकट." बाय, हे मला अजिबात पटलं नाही. आठव, सुकती, म्हणजे ओहोटी लागली की मानशीची, बांधातल्या त्या झडपेची, दारं उघडतात, खाजनातलं, बांध घातलेल्या खाडीकाठच्या शेतातलं, पाणी बाहेर धावतं, आणि चोणक किंवा तांबोसा मासा प्रवाहात नसतो. तो भोवऱ्याच्या कडेला, खांबाच्या आडोशाला, पाण्याकडे तोंड करून उभा असतो. खाणं वाहत येतं, तो फक्त वळतो. गंटर्सविल म्हणजे टेनेसी नदीवरचं 1939 सालचं धरण. वीज तयार करायला टर्बाइन सुरू झाली की त्या संथ तलावात प्रवाह येतो, आणि उन्हाळ्यात बास जुन्या, बुडालेल्या नदीपात्राच्या काठावर अगदी असाच रांगेत लागतो. पाणी केव्हा सोडणार त्याचं वेळापत्रक धरण चालवणारी टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी जाहीर करते. तू लहानपणी कालनिर्णयात तिथी बघून गरवायला निघायचीस, तसं ते आदल्या रात्री बघ. प्रवाह असताना गळ प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाक, पाण्याबरोबर खाली येऊ दे. हे तिथल्या मुलांना शिकवावं लागतं, तुझ्या हातात आहे.

मासा धरताना मात्र तुझा हात बिचकेल. चोणकीच्या कल्ल्याच्या झाकणाने बोट कसं कापतं ते तू पाहिलं आहेस. बासचे दात पॉलिश पेपरसारखे असतात. ओल्या हाताने खालच्या जबड्यात अंगठा घाल, आणि मोठा मासा आडवा धरताना दुसरा हात पोटाखाली हवाच. दिवसाअखेर अंगठा खरखरीत झाला तर समज, दिवस चांगला गेला.

माझी एक चूक सांगतो. जुलै महिना, माझी तिसरी स्पर्धा. पाच मासे मिळाले, मर्यादाच पाचाची. खुशीत लाईव्हवेलचा, म्हणजे बोटीतल्या मासे जिवंत ठेवायच्या टाकीचा, पंप सतत चालू ठेवायचं विसरलो, बर्फही घातला नाही. वजनकाट्यावर नेताना सगळ्यात मोठा मासा पोट वर करून तरंगत होता. मेलेल्या माशाचं वजन कापलं, नंबर गेला. पण मला लागलं ते वेगळं. आपल्या घरात मासा मारतात तो हुमणासाठी. हा कुणाच्या ताटातही जाणार नव्हता. स्पर्धेतला मासा जिवंत सोडायचा, ही चळवळ बास स्पर्धा भरवणाऱ्या रे स्कॉट यांनी 1972 साली तिथे सुरू केली. तो नियम मी नुसता वाचला होता, त्या दिवशी समजला. दर अर्ध्या तासाने झाकण उघडून बघ.

परकेपणाचं म्हणालीस. बास गरवणारा ताकाहिरो ओमोरी 1992 साली जपानहून अमेरिकेला गेला. इंग्रजी जेमतेम, राहायला घर नाही, गाडीतच झोपायचा. 2004 साली लेक वायलीवर त्याने बासमास्टर क्लासिक ही मोठी स्पर्धा जिंकली. बारा वर्षं लागली. तू पहिल्या रविवारी निकाल मागतेस.

आपल्या मानशीची कुजलेली फळी मे महिन्यात बदलली. बाहेरचा भोवरा आता हातभर डावीकडे सरकला आहे, तांबोसाही सरकला. पहिली स्पर्धा झाली की पाणी कुठून कुठे वाहत होतं त्याचं चित्र काढून पाठव. वजन नंतर सांग.

तुझा काका
मांद्रे, पेडणे