वडिलांना सीओपीडी आहे. डॉक्टर घरी बायपॅप लावा म्हणतात, नातेवाईक म्हणतात कायमची सवय लागेल. लावावं का? कोणतं मशीन घ्यावं?

बायपॅपची, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या मशीनची, सवय लागत नाही. आमच्या घरात यावरून इतकी भांडणं झाली आहेत की तुमचं 'नातेवाईक म्हणतात' वाचून गप्प बसवलं नाही.

आम्ही कळव्याला राहतो. बाबा रबाळे एमआयडीसीत कामाला होते, बिडी जन्मभर. सीओपीडी हा फुप्फुसांचा आजार फार वाढल्यावर डॉक्टरांनी कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं यंत्र, दिला, मिनिटाला एक लिटर, आणि बजावलं की ऑक्सिमीटरवर ८८ ते ९२ पुरे, त्यावर नेऊ नका. मग थोरले काका गावाहून भेटायला आले. ८९ बघून म्हणाले, "बापाला हवेवाचून ठेवतेस का गं?" मी कामावर गेल्यावर त्यांनी ऑक्सिजन चारवर नेला. संध्याकाळी आले तर आकडा ९७ आणि काका खूश. बाबा मात्र चहाचा कप हातात धरून पेंगत होते. हात थरथरत होते, डोकं दुखतंय म्हणत होते आणि मला आत्याच्या नावाने हाक मारली.

हॉस्पिटलात मनगटातून रक्त काढून एबीजी, म्हणजे रक्तातल्या वायूंची तपासणी, केली. कार्बन डायऑक्साइड ८६. तो ३५ ते ४५ असायला हवा. आणि हा आकडा ऑक्सिमीटर दाखवतच नाही! ९७ बघून खूश होणाऱ्या प्रत्येकाला मला हेच ओरडून सांगावंसं वाटतं.

या आजारात हवा आत जाते, बाहेर पडताना अडकते. संध्याकाळी ठाणे स्टेशनच्या पुलावर माणसं चढतच राहतात आणि पलीकडे उतरायला वाट मिळत नाही, तसं छातीत होतं. छाती फुगलेली राहते, श्वासाचे स्नायू दमतात, कार्बन डायऑक्साइड साठतो. वरून ऑक्सिजन बेसुमार सोडला की कार्बन डायऑक्साइड आणखी चढू शकतो. बायपॅप श्वास घेताना जास्त दाब देतं, सोडताना कमी, त्यामुळे दमलेल्या स्नायूंचं ओझं उतरतं. घशात नळी घालावी लागत नाही. बाबांना त्या रात्री तेच लावलं. पहाटे त्यांनी डोळे उघडून मला विचारलं, "जेवलीस का?"

काका तेव्हा बाहेर सगळ्यांना सांगत होते की व्हेंटिलेटर लावलाय, आता हा माणूस सुटत नाही. अहो, ताकद आजाराने जाते, मशीनने नाही! जर्मनीतल्या डॉक्टरांनी २०१४ साली अभ्यास छापला. कार्बन डायऑक्साइड कायम वाढलेल्या रुग्णांपैकी नेहमीच्या उपचारांवर वर्षभरात शंभरातले ३३ गेले, घरी बायपॅपचा मास्क लावणाऱ्यांतले १२. २०१७ च्या ब्रिटिश अभ्यासात नुसत्या ऑक्सिजनवरचे रुग्ण साधारण दीड महिन्यात पुन्हा दाखल झाले किंवा दगावले, मशीनवाल्यांच्या बाबतीत तो काळ चार महिन्यांवर गेला. हे काकांना वाचून दाखवलं, तर म्हणाले कागदावर काहीही लिहितात.

सुरुवातीच्या रात्री कठीण जातात, तयारी ठेवा. बाबा मास्क ओढून काढायचे. मग दुपारी बातम्या बघताना पट्टा न लावता मास्क नुसता हाताने नाकातोंडावर धरायला लावला, तेव्हा कुठे भीती गेली. नाकाच्या हाडावर जखम होते, म्हणून पट्टे करकचून आवळू नका. हवा गळत असेल तर मास्कचं माप बदलून घ्या. रात्रीचे निदान पाच-सहा तास तरी लागायला हवं.

मशीनचं म्हणाल तर कंपनीपेक्षा मास्क नीट बसणं महत्त्वाचं. सीपॅप वेगळं असतं, ते सतत एकच दाब देतं; स्वस्त म्हणून ते उचलू नका. आधी भाड्याने घ्या. दाब डॉक्टरच ठरवतील, दुकानदार नाही. इन्व्हर्टर हवाच, आणि मशीन बंद पडलं तर मास्क लगेच काढायचा.

एक राहिलं. सीओपीडी असलेल्या प्रत्येकाला हे लागत नाही, कार्बन डायऑक्साइड वाढलेला असेल तरच. वडील नुकतेच हॉस्पिटलमधून आले असतील तर दोन ते चार आठवड्यांनी एबीजी पुन्हा करून मग कायमचं ठरवा, कारण तेवढ्यात तो कधी कधी आपोआप उतरतो. आणि माणूस गुंगीत असेल किंवा उलट्या होत असतील तर घरी मास्क लावत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

एबीजीचा कागद कॉन्सन्ट्रेटरवरच चिकटवा. बटणाला हात लावणाऱ्याला आधी तो वाचू दे, मग तो वयाने कितीही मोठा असो. आमच्याकडे आता काकांनाही ती मुभा नाही, आणि त्यांना राग आला तरी मी ती देणार नाही.