तुरुंगात कैद्यांना सोयी-सवलती का द्याव्यात?

'गुन्हेगारांना टीव्ही, कॅन्टीन, फोन कशाला?' हा प्रश्न पुण्यात येरवड्याचं नाव निघालं की हमखास येतो. माझं मत स्पष्ट आहे: द्यायला हव्यात. देशातल्या तुरुंगांतले सुमारे तीन चतुर्थांश लोक कच्चे कैदी आहेत, म्हणजे त्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. जामिनाची रक्कम भरता येत नाही म्हणून कित्येक जण आत असतात. त्यांना कसली शिक्षा देताय?

आणि 'ऐषआराम' म्हणजे नक्की काय? येरवड्यात क्षमतेच्या कितीतरी जास्त माणसं कोंबलेली असतात, रात्री कूस बदलायलाही जागा नसते. मुलाखतीच्या, म्हणजे कैद्यांना भेटण्याच्या दिवशी बाहेर आधार कार्ड हातात घेऊन बसलेल्या म्हाताऱ्या आया पाहिल्यात का कधी? त्या भेटीला चैन म्हणवत नाही मला.

सुनील बत्रा या कैद्याच्या १९७८ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की तुरुंगात गेल्याने माणसाचे मूलभूत हक्क संपत नाहीत. स्वातंत्र्य हिरावणं हीच शिक्षा.

एक मात्र खटकतं: पैसेवाल्याला वेगळी खोली, घरचा डबा, गुपचूप मोबाईल. ते बंद व्हायलाच हवं. पण संचित रजा (शिक्षा भोगताना ठरावीक काळाने घरी जायला मिळणारी सुट्टी), वाचनालय, सुतारकामाची मजुरी यांना हात लावू नका. बहुतेक जण एक ना एक दिवस सुटून आपल्याच वस्तीत राहायला येणार आहेत.